पोटरीत गोळा आला म्हणजे कॅल्शियम कमी पडलं?

‘गरोदरपणात रात्री पायात गोळे येतात, म्हणजे कॅल्शियम कमी, गोळी वाढवा.’ हा निरोप कित्येक वर्षं फिरतोय.

बाळाची हाडं आईकडच्या कॅल्शियमवर घडतात, म्हणून तो सहज पटतो. पण कॅल्शियम पुरेसं असणाऱ्यांनाही गोळे येतात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. आणि जादा कॅल्शियमने ते थांबतात, असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना आहार सांगा, गरज वाटल्यास ते रक्त तपासतील. त्यांनी दिलेली गोळी मात्र बंद करू नका, तिची कारणं वेगळी असतात. मनाने वाढवूही नका: बद्धकोष्ठता होते, शिवाय लोहाच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढा. बोटं खाली ताणली तर पोटरी आणखी आवळते. सैल पडली की हलकेच चोळा. झोपण्यापूर्वीही असाच ताण द्यावा.

एकच पाय सुजला, लाल किंवा गरम झाला, दुखणं थांबेना, तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टरांकडे जा.