मध्ययुगीन इंग्रज जमीनदार घराण्यांचा वंशशोध

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उमरावांच्या खाली आणि साध्या शेतकऱ्यांच्या वर गावोगावच्या जमीनदारांचा एक थर होता. नाइट, एस्क्वायर आणि जंटलमन हे त्यातले दर्जे. अशा घराण्याची वंशावळ कागदपत्रांच्या आधारे पिढी-दरपिढी मागे नेणे म्हणजे हा वंशशोध. त्याचा कणा जमीन आहे. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने १५३८ मध्ये सुरू झाल्या. त्याआधीचा माणूस कागदावर येतो तो बहुधा जमीन मिळाली, विकली, वाटली गेली किंवा तिच्यावरून तंटा झाला म्हणून.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा वारला की एशीटर हा राजाचा अधिकारी त्या भागातले पंच जमवी आणि त्यांना शपथेवर विचारी: मयत कोणत्या दिवशी वारला, जमीन कोठे व किती, ती कोणाकडून आणि कोणत्या सेवेच्या बदल्यात मिळाली, वारस कोण व त्याचे वय काय? वतनाच्या तंट्यांतले महजर ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत अशा चौकश्या झाल्या. त्यांचे लॅटिन चर्मपत्र-कागद आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मात्र ते जपून वाचावे लागतात. ‘एकवीस वर्षे व अधिक’ असे वय लिहिलेला वारस चाळिशीचाही असू शकतो. पंच सांगतात तो वारस. धाकटे भाऊ आणि भाऊ असलेल्या मुली तिथे बहुधा दिसत नाहीत.

वारस अज्ञान असला तर जमीन आणि त्याचे लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे जाई. ताबा परत मिळवण्यासाठी मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाल्याचे सिद्ध करावे लागे, आणि जन्मदाखला नसल्याने गावकरी आठवणीने साक्ष देत. त्या वर्षी माझा मुलगा जन्मला, त्या दिवशी घोड्यावरून पडून माझा पाय मोडला, अशा या साक्षी. वाचताना गाव डोळ्यांसमोर उभे राहते, पण त्याच त्या आठवणी वेगवेगळ्या परगण्यांत, वेगवेगळ्या तोंडी भेटतात. लेखनिकाचा ठरावीक साचा त्यामागे होता, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. म्हणून अशा साक्षीतून वारसाचे वय घ्यावे, मोडलेल्या पायावर भिस्त ठेवू नये.

राजाच्या न्यायालयात होणारे जमिनीचे करार ११९५ पासून एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहिले जात: दोन प्रती वर, शेजारी-शेजारी, आणि तिसरी खाली. मग नागमोडी रेषेत ते कापत, म्हणजे बनावट प्रत जुळणार नाही. वरच्या दोन प्रती पक्षकारांकडे जात आणि खालची सरकारात राही. ही पद्धत १८३३ पर्यंत चालली. नवरा-बायकोची नावे इथे बरोबरीने येत असल्याने स्त्रियांचा माग काढायला या कागदांइतके चांगले साधन क्वचितच सापडते. न्यायालयाच्या नोंदींच्या गुंडाळ्या, मृत्युपत्रे आणि मठांच्या दानपत्रांच्या वह्याही कामी येतात. १४१३ च्या कायद्याने अनेक प्रकारच्या दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा आणि गाव लिहिणे बंधनकारक केले. तेव्हापासून ‘जंटलमन’ हा शब्द कागदांत वारंवार दिसू लागतो.

याउलट घराण्याने स्वतः सांगितलेली वंशावळ सर्वांत कच्ची. १५३० ते १६८८ या काळात राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, परगणे फिरून ढालीवरच्या कुलचिन्हांचा हक्क तपासत आणि वंशावळी उतरवून घेत. आजोबा-पणजोबांपर्यंतची माहिती बहुधा बरी असते. त्यापलीकडे १०६६ च्या नॉर्मन विजयात आलेला एखादा वीर मूळपुरुष म्हणून हमखास उभा राहतो. असे अनेक मूळपुरुष जे. एच. राउंड या संशोधकाने कागदांच्या कसोटीवर खोटे ठरवले.

पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्याच्या पास्टन घराण्यात या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. पंधराव्या शतकातली त्यांची हजाराहून अधिक पत्रे आणि कागद टिकले आहेत. क्लेमेंट पास्टन (मृत्यू १४१९) याच्याबद्दल एका विरोधी टिपणात लिहिले आहे की तो साधा शेतकरी होता, फार तर शंभर-सव्वाशे एकर जमीन, खोगीर नसलेल्या घोड्यावर धान्याचे पोते घालून वर बसून गिरणीला जाई, बायको वेठबिगार कुळातली, आणि मुलाच्या शाळेसाठी त्याने कर्ज काढले. तो मुलगा, विल्यम, १४२९ मध्ये न्यायाधीश झाला. सर जॉन फास्टॉल्फ या श्रीमंत नाइटच्या मृत्यूनंतर (१४५९) त्याच्या मालमत्तेवरून पास्टनांचे बड्या सरदारांशी वैर आले तेव्हा कुळाच्या हीनपणाचा आरोप उघड झाला. १४६६ मध्ये चौथ्या एडवर्डने जुने कागद पाहून पास्टन पूर्वापार कुलीन असल्याचे जाहीर केले. राजाची ग्वाही आहे म्हणून तिला पुरावा मानणे चूक ठरेल. टिपण द्वेषाने लिहिले असले तरी गिरणीच्या वाटेवरचा तो घोडा मला अधिक खरा वाटतो.

नावांचा सापळाही याच घरात आहे. विल्यमचा मुलगा जॉन. त्याला १४४२ आणि १४४४ मध्ये झालेल्या दोन्ही मुलांची नावे जॉनच, आणि दोघेही मोठे झाले. मोठ्याला ‘सर’ किताब मिळाला, त्यावरून पुष्कळ ठिकाणी ते ओळखू येतात. नुसते ‘जॉन पास्टन’ असेल तिथे तारीख आणि हस्ताक्षर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यांची आई मार्गारेट ही मॉटबी घराण्याची वारसदार. तिने १४८२ च्या मृत्युपत्रात आपले दफन नवऱ्याजवळ नव्हे, तर मॉटबीच्या चर्चमध्ये आपल्या पूर्वजांजवळ करावे असे लिहिले. थडग्याच्या कोपऱ्यांवर चार ढाली कोरायच्या: पास्टन व मॉटबी, मॉटबी व बर्नी, मॉटबी व लव्हेन, मॉटबी व बोचँप. माहेरच्या कुळातले विवाहसंबंध तिने असे मांडून ठेवले. चर्चचा तो भाग आज उरलेला नाही; मृत्युपत्र आहे.