राखणदार म्हणायचं का तितर? झाडाच्या रिसेप्टरची मागची गोष्ट

तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) पडला की सांगोला-पंढरपूरकडं डाळिंबवाल्यांचा एकच प्रश्न, रेझिस्टंट जात कधी येणार. प्रश्न बरोबरच आहे, पण झाडात रेझिस्टन्सचा, रोगाला तोंड द्यायचा, जीन असणं वेगळं आणि तो वेळेवर चालू होणं, नको तेव्हा गप्प बसणं वेगळं.

जवसाच्या तांबेऱ्यावरून 1940 च्या दशकात जीनला-जीन हे गणित बसलं, म्हणजे झाडाचा एक रेझिस्टन्सचा जीन जंतूच्या एका जीनला जुळतो. या जीनांपासून बनणारे पेशीच्या आतले रिसेप्टर, म्हणजे जंतू आल्याचं ओळखणारी प्रोटीनं, हाताला लागले 1994 ला. त्यातला एक तंबाखूतला, मोझॅक व्हायरस ओळखणारा, आणि तो 28 डिग्रीच्या वर ढिला पडतो (आपल्याला मे मध्ये रात्री 28 मिळालं तरी नशीब). गरमीत व्हायरस झाडभर पसरतो, मग तेच झाड थंड खोलीत आणलं की रिसेप्टर जागा होतो आणि व्हायरस पोचलेल्या सगळ्या पेशी मारत सुटतो, झाड आपल्याच हातानं मरतं.

खरा घोळ शब्दाचा. 1998 ला 'गार्ड'ची कल्पना आली, म्हणजे रिसेप्टर जंतूला बघत नाही, जंतू ज्या प्रोटीनला हात लावतो त्याची राखण करतो. ऐकायला झकास, माळ्यावर गोफण घेऊन बसलेला माणूस डोळ्यासमोर येतो. पण 2003 च्या सुमाराला दिसलं ते उलटंच, ते राखलेलं प्रोटीनच राखणदाराचं तोंड दाबून बसलेलं, जंतूनं ते तोडलं की हा सुटतो, आणि जंतू नसताना नुसतं ते प्रोटीन काढून टाकलं तरी रोप मरतं. मग राखतंय कोण कुणाला? 2008 ला 'डिकॉय' आला, म्हणजे जंतूच्या खऱ्या निशाण्यासारखं दिसणारं, जंतूला फसवून रिसेप्टरला जागं करणारं नकली प्रोटीन, त्याला मराठीत बुजगावणं म्हणतात ते मला साफ चूक वाटतं, बुजगावणं पाखराला हाकलतं, हे तर बोलावून घेतं, पिंजऱ्यातल्या पाळीव तितरासारखं.

पुढचं भराभर झालं. 2019 ला पाच रिसेप्टर जुळून झालेली रिंग दिसली, 2021 ला कळलं की ती पेशीच्या पडद्यात कॅल्शियम आत सोडणारं भोक पाडते. त्याच्या आधीच, 2011-12 मध्ये, रिसेप्टर जास्त झाले की पेशी त्यांना खूण लावून मोडीत काढते हे कळलेलं, कारण जास्त झाले की रोप खुरटतं. टोमॅटोत तर मायक्रोआरएनए (आरएनएचा बारीक तुकडा) रिसेप्टर बनवायचा मेसेजच कापतो, आणि व्हायरसनं येऊन ही कापाकापी बंद पाडली की रिसेप्टर आपोआप वाढतात.