जवान ते हेलिकॉप्टर पायलट: रस्ता आहे, पण डेहराडूनवरून जातो

सैन्यात जवान म्हणून भरती झालो, आता हेलिकॉप्टर उडवायला मिळेल का? मिळेल, पण जवान राहून नाही. भारतीय लष्करात पायलट अधिकारीच असतो. यूट्यूबवरचे अमेरिकेचे व्हिडिओ पाहून इथेच गफलत होते. तिकडे सार्जंटला वॉरंट ऑफिसर (जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा) पायलट होण्यासाठी अर्ज करता येतो, आपल्याकडे ती पायरीच नाही. आर्मी एव्हिएशनच्या, म्हणजे लष्कराच्या हवाई शाखेच्या, युनिटमध्ये तंत्रज्ञ म्हणून दहा वर्षं काढली तरी कॉकपिटचा दरवाजा त्यामुळे उघडत नाही. तेव्हा ‘पायलटचा फॉर्म’ शोधत बसू नका. आधी अधिकारी होण्याचा अर्ज भरायचा आहे.

तो अर्ज आर्मी कॅडेट कॉलेजचा, म्हणजे एसीसीचा. १९७७ पर्यंत हे कॉलेज आपल्या पुण्यात होतं. आता ते डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीची एक विंग आहे. पात्रता सरळ आहे: बारावी पास, किमान दोन वर्षं सेवा आणि वय २० ते २७. वय नेमकं कोणत्या तारखेला मोजणार ते त्या वेळच्या सूचनेत असतं, तिथे एका दिवसानेही माणूस बाद होतो. २८ ते ३५ वयाच्या जवानांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसर ही वेगळी योजना आहे. पण उडायचंच मनात असेल तर एसीसी धरावी, वय हाताशी राहतं.

अर्ज युनिटमार्फत, कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीने जातो. बारावीची मार्कशीट व प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि सेवेच्या नोंदी तयार ठेवा. मेडिकल कॅटेगरी शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, हवी, शिस्तीचा रेकॉर्डही स्वच्छ हवा. महाराष्ट्रातल्या मुलांनी एक गोष्ट आधीच तपासावी. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बहुधा शेवटी. स्पेलिंगचा फरक त्यात भर घालतो. दुरुस्ती करायचीच असेल तर आत्ता करा. सर्व्हिस रेकॉर्डमधल्या बदलाची पार्ट टू ऑर्डर निघायला वेळ लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात हेडक्लार्कसाहेबांच्या मागे धावून काही होत नाही.

पुढे लेखी परीक्षा, मग पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. लेखीत इंग्रजी असतं आणि मराठी माध्यमातली मुलं बऱ्याचदा तिथेच धास्तावतात. रोज थोडं मोठ्याने वाचलं तर लेखीला आणि एसएसबीच्या मुलाखतीला, दोन्हीकडे उपयोग होतो. निवड झाली की तीन वर्षं एसीसीत. तिथे जेएनयूची पदवीही मिळते. त्यानंतर एक वर्ष अकादमीत आणि मग लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदावर नेमणूक.

आता खरा अडसर. आर्मी एव्हिएशनसाठी पायलट अ‍ॅप्टिट्यूडची चाचणी द्यावी लागते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत, आता ती संगणकावर होते आणि तिचं नाव सीपीएसएस. ही आयुष्यात एकदाच देता येते. भरतीच्या आधी कोणी एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी ही चाचणी दिली असेल आणि नापास झाला असेल, तर तो कायमचा बाद. सैन्यात आल्यावर पाटी कोरी होत नाही. म्हणून ‘बघू तरी’ म्हणून ही परीक्षा देऊ नये.

त्यानंतर एव्हिएशनचं मेडिकल. रंगांची ओळख पक्की लागते. शिवाय पायांची लांबी, मांडीची लांबी, बसल्यावरची उंची हे सगळं मोजतात, कारण माणूस कॉकपिटमध्ये नीट बसला पाहिजे. यात अभ्यासाचा काही इलाज चालत नाही.

एव्हिएशनमध्ये कमिशनच्या वेळीच जाता येतं किंवा आधी दुसऱ्या शाखेत नोकरी करूनही येता येतं. अभिलाषा बराक आधी आर्मी एअर डिफेन्समध्ये होत्या. मे २०२२ मध्ये त्यांना नाशिकला विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. नाशिकचं हे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून आहे, नाशिकरोडजवळ गांधीनगरला. शिकायची सुरुवात चेतक आणि चीता या हलक्या हेलिकॉप्टरांवर होते. ध्रुव, रुद्र वगैरे पुढच्या गोष्टी.

हिशेब असा: एकविसाव्या वर्षी एसीसीत गेलात तर पंचविशीला कमिशन, आणि सगळं सुरळीत झालं तर त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत विंग्ज. सव्विसावं लागलेल्यांनी मात्र पुढच्या सूचनेची वाट पाहू नये, आजच युनिटच्या ऑफिसात जाऊन तारीख विचारावी.