आरबी२६ इंजिन : ताकदवाढ आणि आयुर्मान

निसान स्कायलाइन जीटी-आर या जपानी स्पोर्ट्‌स कारच्या आर३२, आर३३ आणि आर३४ या तीन पिढ्यांत (१९८९ ते २००२) बसवलेले, एका रांगेत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) असलेले इंजिन. पूर्ण नाव आरबी२६डीईटीटी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह २४ आणि दर सिलिंडरला वेगळा थ्रॉटल. क्षमता २,५६८ सीसी. हा अडनिडा आकडा शर्यतीच्या नियमांतून आला. ग्रुप ए या शर्यतीच्या गटात टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरत, आणि हा गुणाकार ४,५०० सीसीच्या आत बसतो. जपानच्या टूरिंग कार मालिकेत १९९० ते १९९३ या काळात या गाडीने २९ पैकी २९ शर्यती मारल्या.

कागदावर ताकद २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). जपानी कंपन्यांनी त्यापुढचा आकडा जाहीर करायचा नाही असे आपसात ठरवले होते. ब्लॉक मात्र शर्यतीच्या हिशेबाने घडवलेला, त्यामुळे आणखी बरीच ताकद सोसतो. मालकाला मोह पडतो तो इथेच.

पहिला बदल तर जवळजवळ फुकटात होतो. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिच्या नियंत्रणाची जी बारीक रबरी नळी असते तिच्यात बोटाच्या पेराहून लहान, मधोमध सुईएवढे भोक असलेला एक तुकडा बसवलेला असतो. तो काढला की वेस्टगेट उशिरा उघडते आणि ०.७ बारच्या आसपासचा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १ बारकडे सरकतो. गाडी लगेच तडफदार होते. किंमत पुढे टर्बोला मोजावी लागते. मूळ टर्बोंचे एक्झॉस्टकडचे चाक सिरॅमिकचे आहे. हलके असल्याने ते चटकन वेग घेते, पण उष्णता आणि वेग हाताबाहेर गेले की पोलादी दांड्यावरून निखळते किंवा फुटते. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी पोलादी चाकांचे टर्बो बसवावेत, हा क्रम उलटा करू नये. शर्यतीसाठी काढलेल्या आर३२च्या एन१ आवृत्तीत खुद्द निसाननेही पोलादी चाकेच वापरली होती.

खरा घात तेलात आहे. ऑइल पंपाचा आतला गिअर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरच्या सपाट कडांवर फिरतो. आर३२च्या सुरुवातीच्या इंजिनांत ही पकड फार अरुंद होती. आरपीएम वारंवार लिमिटरला, म्हणजे ठरवलेल्या कमाल मर्यादेला, भिडवले की तो गिअर तडकतो, तेलाचा दाब शून्यावर येतो आणि बेअरिंगे धरतात; इंजिन बसले म्हणायचे. क्रँकवर रुंद कॉलर चढवून मजबूत गिअरचा पंप घालणे हा यावरचा उपाय, पण त्यासाठी क्रँक बाहेर काढावा लागतो. दुसरी खोड अशी, की बराच वेळ वरच्या आरपीएमला चालवल्यास हेडमध्ये चढलेले तेल तितक्या लवकर खाली उतरत नाही आणि इकडे संप (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) रिकामा होतो. त्यासाठी हेडकडे जाणारी तेलाची वाट आवळतात, हेडच्या मागून संपमध्ये जादा नळी सोडतात आणि संपही मोठा करतात. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. चकचकीत इनटेकवर खर्च करणारे या कामाला कंटाळतात ते बहुधा त्यामुळेच.

बूस्ट वाढला की पेट्रोलही वाढले पाहिजे. मूळ इंजेक्टर आणि एअरफ्लो मीटर यांची मर्यादा संपल्यावर मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होते आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) जुळणी जपानच्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर केलेली असते. गाडी परदेशी नेऊन तिथल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर तीच जुळणी चालवणे म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

जपानी मालकांत टर्बो टायमरची डबी फार चालली. गाडी थांबवून किल्ली काढली, दार लावले, तरी इंजिन मिनिटभर आयडलिंगवर घुरघुरत राहते आणि मग आपोआप बंद पडते. तेवढ्यात तापलेल्या टर्बोतून तेल फिरते. एरवी ते आतच जळून काजळी धरते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश हाकले तरी हेच साधते, आणि तेही फुकट.

टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरला बदलायचा, अशी कंपनीची सूचना आहे. वाढीव ताकदीच्या इंजिनात जाणकार एवढी वाट पाहत नाहीत. अशी गाडी विकत घेताना टॉर्च मारून ब्लॉकवरचा ठसा बघतात : ०५यू म्हणजे नेहमीचा ब्लॉक, २४यू म्हणजे जाड भिंतींचा एन१. मग सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाताना तयार होणारा दाब) मोजतात. एखादाच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खाली दिसला, तर किमतीची बोलणी तिथून पुढे इंजिन खोलण्याचा खर्च धरूनच होतात.