रीगी पर्वतावरून गाडी खाली कशी उतरते

स्वित्झर्लंडमधील लुत्सर्न सरोवराच्या काठी फिट्सनाऊ नावाचे छोटे गाव आहे. तेथे बोटीच्या धक्क्याजवळच्या स्थानकातून निघालेली तांबडी गाडी सुमारे सात किलोमीटरांच्या प्रवासात १,३०० मीटर उंची चढून रीगी पर्वताच्या माथ्याजवळ पोहोचते. युरोपातील ही पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे २१ मे १८७१ रोजी सुरू झाली. पर्वताचा माथा दुसऱ्या कॅंटनच्या, म्हणजे स्विस प्रांताच्या, हद्दीत असल्यामुळे आरंभी ती श्टाफेलह्योहे या स्थानकापर्यंतच जात असे आणि १८७३ मध्ये ती माथ्यापर्यंत पोहोचली. चढताना सरोवर हळूहळू खाली जाताना पाहणे हा या प्रवासातला मोठा आनंद असला, तरी या रेल्वेचे खरे कौशल्य उतरणीत आहे, असे मला वाटते.

साधी आगगाडी चालते ती पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातील घर्षणावर. हे घर्षण मुळातच कमी असते. रूळ कोरडे असतील तर चाकांवरील भाराच्या साधारण पाव हिश्शाएवढा जोर चाके न घसरता लावता येतो, आणि रूळ ओले किंवा बर्फाळलेले असतील तर तेवढाही येत नाही. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागतात. रीगीचा सर्वांत तीव्र चढ मात्र चार फुटांना एक फूट आहे. अशा चढावर गाडीच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तिला सतत मागे ओढत असतो. साधे इंजिन स्वतःचेच वजन जेमतेम सावरू शकेल, मग डबा ढकलण्याची गोष्टच दूर.

निकोलाउस रिगेनबाख हे ओल्टेन येथील रेल्वे कार्यशाळेचे प्रमुख होते. हाउएनश्टाइनच्या चढावर इंजिनांची चाके जागच्या जागी फिरताना त्यांनी पाहिली होती, आणि त्यातूनच दोन रुळांच्या मधोमध तिसरा, दातेरी रूळ टाकण्याची कल्पना त्यांनी विकसित केली. १८६३ मध्ये त्यांनी तिचे फ्रान्समध्ये पेटंट घेतले. दोन समांतर पोलादी पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतराने घट्ट बसवलेले आडवे गज, अशी या रुळाची रचना आहे. इंजिनाखालचे दातेरी चाक एकेका गजाला आपला दात टेकवत वर सरकते, त्यामुळे बाजूची गुळगुळीत चाके केवळ भार वाहतात. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर सिल्व्हेस्टर मार्श यांनी याच तत्त्वावरची रेल्वे १८६९ मध्ये उभारली होती.

चढावर बॉयलरचाही प्रश्न उभा राहतो. नेहमीचा आडवा बॉयलर तिरपा झाला की त्यातले पाणी खालच्या टोकाकडे धावते, वरच्या टोकाचा तापलेला धातू कोरडा पडतो आणि स्फोटाचा धोका निर्माण होतो. म्हणून रीगीच्या पहिल्या इंजिनांचे बॉयलर उभे होते आणि तेही अशा बेताने कललेले, की उतारावर उभे राहिल्यावर ते सरळ दिसावेत. स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या इंजिन कारखान्याने १८७३ मध्ये बांधलेले त्या कारखान्याचे अगदी पहिले इंजिन, रीगीचे सात क्रमांकाचे, याच प्रकारचे आहे. ताशी साडेसात किलोमीटर हा त्याचा वेग.

आता उतरण. डब्याच्या खालच्या अंगाला असलेले इंजिन वर जाताना त्याला ढकलते आणि खाली येताना त्याला अडवून धरते. वर चढलेल्या प्रत्येक टनाजवळ सुमारे १.३ कोटी जूल ऊर्जा साठलेली असते. गाडी २५ टनांची धरली, तर पायथ्याशी येईपर्यंत तिला जेवढी ऊर्जा टाकून द्यावी लागते, तेवढ्या उष्णतेने साधारण हजार लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ठोकळ्यांवर सोपवली, तर ते तापून निकामी होतील. रिगेनबाख यांनी यावर काढलेला उपाय मला दातेरी रुळाहूनही अधिक सुंदर वाटतो. उतरताना ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि सिलिंडरांना बाहेरची हवा ओढू देतो. गाडीच्या वजनाने फिरणारी चाके दट्ट्यांना हलवतात, दट्टे ती हवा दाबतात, आणि इंजिन हवा दाबणारे यंत्र बनून गाडीला मागे धरते. सायकलचा पंप मारताना तो तापतो, तशी ही हवाही तापते. म्हणून सिलिंडरांत पाणी फवारले जाते आणि ते वाफ होऊन उष्णता घेऊन जाते. दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप किती उघडायची, एवढ्यावरच ड्रायव्हर गाडीचा वेग राखतो. याखेरीज दातेरी चाकांवर स्वतंत्र ब्रेक असतातच.

या दातेरी रुळालाही मर्यादा आहे. दातांच्या कडा तिरक्या असल्यामुळे त्यांच्यावरील जोराचा काही भाग चाकाला वर उचलू पाहतो, आणि चढ वाढेल तसे चाक दातांवर चढण्याचे भय वाढते. १८८९ मध्ये जवळच्याच पिलाटुस पर्वतावर एडुआर्ड लोखर यांनी दात रुळाच्या दोन्ही बाजूंना वळवले आणि आडव्या चाकांच्या जोड्यांनी रूळ दोन्हीकडून पकडला. तिथे चढ शंभर मीटरांना ४८ मीटर आहे.

याच परंपरेचा धागा निलगिरीपर्यंत येतो. तेथील डोंगरी रेल्वेसाठी रिगेनबाख यांनी १८८० च्या दशकात योजना मांडली होती, ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेले रोमान आब्ट यांच्या पद्धतीचा दातेरी रूळ तेथे घातला गेला आणि विंटरथूरच्या कारखान्याची वाफेची इंजिने तेथे धावली. १८९९ मध्ये मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा मार्ग सुरू झाला. त्या चढावरही इंजिन गाडीच्या खालच्या टोकाला असते, आणि प्रत्येक डब्यावरचा ब्रेकमन शिट्टीचा इशारा ऐकून आपला हातब्रेक आवळतो किंवा सैल करतो.

फिट्सनाऊच्या मार्गावर १९३७ मध्ये वीज आली. १९२३ आणि १९२५ ची दोन वाफेची इंजिने अजूनही उन्हाळ्यात खास फेऱ्यांसाठी बाहेर काढली जातात. विजेच्या गाडीत उतरताना मोटर जनित्र बनते, आणि तिने तयार केलेली वीज तारेतून वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळू शकते. वर जाणारी गाडी नसेल आणि वीज घेणारे दुसरे कोणी नसेल, तर मात्र ती ऊर्जा रोधकांत (रेझिस्टरांत) उष्णता करूनच सोडावी लागते.