स्टोमाशेजारचा हर्निया

शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या स्टोमाला, म्हणजे पोटाबाहेर आणलेल्या आतड्याच्या, पिशवी लावलेल्या तोंडाला लागून, पोटाच्या स्नायूंच्या भिंतीतून आतडे किंवा चरबी त्वचेखाली सरकून आल्याने तयार होणारा फुगवटा. हर्नियाला मराठीत अंतर्गळ असा शब्द आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मात्र घरी आणि दवाखान्यात ‘हर्निया’च चालतो, आणि स्टोमाविषयी हळू आवाजात ‘पोटाला पिशवी लावलीय’ एवढेच सांगितले जाते.

आतडे बाहेर आणायचे तर सर्जनला स्नायूंत वाट ठेवावीच लागते. खोकला, कुंथणे, वजन उचलणे, वाढलेले पोट, या सगळ्यांचा दाब त्या वाटेच्या कडांवर येतो आणि ती हळूहळू रुंदावते. युरोपियन हर्निया सोसायटीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमधला अंदाज असा : स्टोमा असलेल्यांपैकी एका वर्षात 30 टक्क्यांहून जास्त जणांना हर्निया, दोन वर्षांत 40 टक्के आणि पुढे 50 टक्के किंवा त्याहून अधिक. म्हणजे हा आजार मोठ्या संख्येने होतो. फुगवटा दिसला म्हणून रुग्णाने स्वतःला दोष देऊ नये, घरच्यांनी तर मुळीच देऊ नये.

ओळख पटते ती उभे राहिल्यावर. आडवे झाले की आतडे आत जाते आणि पोट सपाट दिसते. बाहेरच्या माणसासमोर पिशवी उघडायची लाज वाटते, म्हणून बरेच जण तपासणीत निजूनच राहतात आणि नेमका हर्निया नजरेतून सुटतो. ‘मामा, उठून उभे राहा, जरा खोका,’ असे डॉक्टरांनी म्हटले नाही, तर आपणच म्हणावे, ‘उभा राहून दाखवतो.’

घरी पाहायचे तर सकाळी खिडकीपाशी, उजेड बाजूने येईल असे उभे राहावे आणि स्टोमाभोवती तळवा ठेवून खोकावे. हर्निया असेल तर एका बाजूचे पोट उचललेले दिसते आणि तळव्याखाली धक्का लागतो. त्याआधीच पिशवी सांगू लागते. गोल असलेला स्टोमा लांबट होतो, नेहमीच्या मापाने कापलेली प्लेट, म्हणजे पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती, बसत नाही, खालची कड सुटते आणि गळती सुरू होते. खानापूरच्या पावसात प्लेट ओलीने सुटतेच, त्यामुळे दोष हवेवर जातो. पण कोरड्या दिवसांतही त्याच जागी गळत असेल तर पोट तपासून घ्यावे. दिवसभर भातलावणीला वाकून किंवा उसाची मोळी उचलून संध्याकाळी पोट खाली ओढल्यासारखे जड वाटणे हीदेखील खूण आहे.

आतडेच स्टोमाच्या तोंडातून लांब बाहेर लोंबू लागले तर तो प्रोलॅप्स. हर्नियात फुगवटा स्टोमाच्या शेजारी, त्वचेखाली असतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. शंका राहिली तर सीटी स्कॅनने उलगडा होतो.

स्टोमाचा रंग तोंडाच्या आतल्या बाजूसारखा ओला लाल असतो. तो जांभळा किंवा काळा पडला, फुगवटा कडक होऊन आत जाईना, पोटात जोरात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, पिशवीत काहीच येईनासे झाले, तर आतडे अडकलेले असू शकते. यांतले एकही दिसले तरी घरगुती उपाय, चोळणे, ढकलणे करू नये. बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूर, जिथे सर्जन लवकर मिळेल तिथे रातोरात निघावे.

एरवी घाई नसते. आधाराचा पट्टा निजूनच, फुगवटा आत गेल्यावर बांधावा. उभ्याने बांधला तर आलेले आतडे तसेच बाहेर दाबले जाते. बिडी, सिगारेट सोडावी, जुना खोकला बरा करून घ्यावा. त्रास फार असेल तर जाळी बसवून शस्त्रक्रिया करतात. नुसत्या टाक्यांनी शिवलेला हर्निया पुन्हा उलटण्याचा संभव जास्त. तात्पुरता स्टोमा बंद करताना पुष्कळदा त्याच वेळी हर्नियाही दुरुस्त होतो. म्हणून ऑपरेशन मिरजेत आणि तपासणी बेळगावात असेल, तर स्टोमा कोणत्या आतड्याचा, तात्पुरता की कायमचा, हे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड सोबतच ठेवावे.