छत्री म्हणजे एकटेपणा की नुसताच काळा गोल? ब्लॅक अँड व्हाइट स्ट्रीट फोटोत प्रतीक कुठलं आणि दृश्यघटक कुठला

ब्लॅक अँड व्हाइट स्ट्रीट फोटो, म्हणजे रस्त्यावर चालता चालता टिपलेला फोटो, समोर आला की अर्थ काढायची आपली एक यादी ठरलेली असते. छत्री दिसली की एकटेपणा, जिना दिसला की आयुष्याचा प्रवास, सावली म्हणजे मनातला अंधार, आणि कबुतर उडताना सापडलं तर मग काय, स्वातंत्र्यच. मी पण बरीच वर्षं हेच करत होते आणि कुणी "कशावरून?" असं विचारलं की गडबडायचे. मग हळूहळू लक्षात आलं की प्रतीक आणि दृश्यघटक या दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच पिशवीत कोंबतेय.

दृश्यघटक, म्हणजे फोटोवाले ज्याला व्हिज्युअल एलिमेंट म्हणतात ते, थेट डोळ्यावर काम करतात. रेषा, आकार, काळ्या-पांढऱ्याचं वजन, टेक्सचर, मोकळी सोडलेली जागा, कोण पुढे कोण मागे, फ्रेमच्या कडेला काय कापलं गेलंय. हे जाणवायला आधीचं काही माहीत असावं लागत नाही, लहान पोराची नजर पण आधी त्या लख्ख पांढऱ्या ठिपक्याकडेच जाते. प्रतीकाचं तसं नाही. प्रतीक म्हणजे फोटोतली अशी गोष्ट जी स्वतःला सोडून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत असते, आणि ते ऐकू यायला बघणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काहीतरी असावं लागतं. पांढरा रंग कुठे लग्नाचा असतो, कुठे शोकाचा, पण फोटोतला पांढरा दोन्हीकडच्या माणसांना सारखाच चमकतो.

ओळखायचं कसं, तर माझी एक अदलाबदलीची ट्रिक आहे. समजा ओल्या रस्त्यावरून छत्री घेऊन एक जण चाललाय. मनातल्या मनात ती छत्री काढा आणि तिथे तेवढाच काळा गोल ठेवा, फुगा म्हणा, मोठं ताट म्हणा, काहीही. फोटो अजून उभा राहतोय का? राहत असेल तर छत्री तिथे आकार म्हणून कामाला होती. आता उलटं करा, छत्री काढून त्याला रेनकोट द्या, म्हणजे पावसापासून आडोसा हा अर्थ तोच राहिला, आकार बदलला. तरी फोटो तेच सांगतोय? मग तिथे अर्थ काम करत होता. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ छत्र्या पहिल्या चाचणीत पास होतात आणि दुसरीत साफ झोपतात, आणि आपण तोवर एकटेपणावर दोन परिच्छेद लिहून मोकळे झालेलो असतो.

दुसरा उपाय त्याहून सोपा, फोटो उलटा धरून बघायचा. वस्तू पटकन ओळखू येत नाहीत, त्यामुळे अर्थ गळून पडतो आणि उरतं ते सगळं रचनेचं. मी स्वतः काढलेला एक फोटो आहे, फुटपाथवर एक रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीच्या पट्ट्यांची लांबलचक सावली. ज्याला दाखवला तो म्हणाला, कुणीतरी गेलंय, किती पोकळी आहे यात. खरं सांगू, मी काढताना खुर्चीकडे बघितलं पण नव्हतं, मला त्या पट्ट्या आवडल्या होत्या. पण मग मी म्हणजे शेवटचा शब्द का? नाही. रिकामी खुर्ची म्हटल्यावर गेलेलं माणूस आठवणारच, ते बघणाऱ्याचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त ती पोकळी फोटोतल्या कशामुळे आली हे त्याला दाखवता आलं पाहिजे, आणि माझ्या फोटोत खुर्ची एका कोपऱ्यात दबलेली आहे, मधे सगळ्या पट्ट्याच पट्ट्या.

दोन्ही एकत्र नीट बघायचे असतील तर अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँडचा १९१५ चा वॉल स्ट्रीटचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या बँका आणि शेअरबाजाराच्या रस्त्याचा, फोटो काढून बसा. जे. पी. मॉर्गन बँकेची इमारत, तिच्या भिंतीत ओळीने प्रचंड काळे आयत, आणि खालून चाललेली मुंगीएवढी माणसं, मागे लांब सावल्या ओढत. हा फोटो उलटा करा, तरी ते काळे आयत तेवढेच जड वाटतात, माणसं तेवढीच क्षुल्लक. इथवर सगळं दृश्यघटक. पण ते आयत म्हणजे पैशाची सत्ता हे कधी कळतं, तर ही वॉल स्ट्रीट आहे आणि ही बँक आहे हे कळल्यावर. नाव झाकलं तर वजन राहतं, भांडवलशाही जाते. आणि सावल्या लांब आहेत त्या आधी सूर्य खाली आहे म्हणून, भीती वगैरे नंतर.

उलट बाजूची चूक कशी होते ते फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या १९०७ च्या 'द स्टीअरेज' (जहाजातला सगळ्यात स्वस्त वर्ग) या फोटोमधे दिसतं. रस्त्यावरचा नाहीये हा, जहाजावरचा आहे, पण घोळ तोच. खालच्या वर्गाच्या डेकवर दाटीवाटीने गरीब माणसं, वर दुसरी गर्दी, मधून तिरकी पांढरी फळी. वर्षानुवर्षं लोक हा फोटो नव्या देशात आशेने येणाऱ्या स्थलांतरितांचं प्रतीक म्हणून वापरत आले, आणि जहाज निघालं होतं न्यूयॉर्कहून युरोपकडे! म्हणजे ही माणसं अमेरिकेत येत नव्हती, तिथून चालली होती. स्टिग्लिट्झने स्वतः नंतर आठवण लिहिली त्यात पण गोल स्ट्रॉ हॅट, डावीकडे कललेलं धुराडं, उजवीकडे कललेला जिना, एका माणसाच्या पाठीवर फुली मारल्यासारखे पांढरे पट्टे अशीच यादी आहे, म्हणजे तो आकारांनी थांबला होता. आता त्याने सांगितलं म्हणून फोटोत गरिबी नाही असं मी म्हणणार नाही, ती समोर दिसतेच आहे. पण "आगमन" हे फोटोत कुठेच नव्हतं, ते बघणाऱ्यांनी घरून आणलं होतं.

आणि कधी कधी तर प्रतीक पण नसतं आणि फोटोग्राफरची निवड पण नसते, निव्वळ मशीनची मर्यादा असते. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या दागेरचा १८३८ चा पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु ताँप्लचा फोटो बघा, एवढा मोठा रस्ता आणि जवळपास कुणीच नाही, कोपऱ्यात एक माणूस एक पाय वर ठेवून उभा. शहरातला एकाकी माणूस वगैरे लिहायला हात शिवशिवतात. प्रत्यक्षात रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे जे जे हललं ते प्लेटवर उमटलंच नाही, आणि तो बूट पॉलिश करून घेत जागेवर थांबला होता म्हणून तेवढा राहिला. म्हणून मी हल्ली आधी विचारते, हे कशामुळे असं दिसतंय, आणि मग विचारते याचा अर्थ काय.

ब्लॅक अँड व्हाइटमधे हा प्रश्न जास्तच विचारावा लागतो कारण इथे रंग आधीच भाषांतर होऊन आलेला असतो. भडक लाल आणि गडद हिरवा, दोन्ही एकाच करड्या रंगाचे होऊन शेजारी बसू शकतात. जुन्या फिल्मला निळा जास्त दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही, त्यामुळे आकाश पांढरंफटक यायचं आणि लाल कपडा काळा. नंतर सगळे रंग पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, तर तिच्यासमोर लाल फिल्टर लावून निळं आकाश हवं तेवढं काळं करता यायला लागलं. तेव्हा "काळ्या कोटातली बाई म्हणजे मृत्यू" असं म्हणायच्या आधी तो कोट मुळात लाल असू शकतो एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं. भरून आलेलं आकाश पण कदाचित एका काचेच्या तुकड्याची करामत असते, आता तर सॉफ्टवेअरमधे निळ्याचा स्लायडर ओढला की काम झालं. पण हां, फोटोग्राफरने मुद्दाम आकाश काळवंडवलं असेल तर तो दृश्यघटकाचा वापर झाला, आणि त्यातून मूड नक्की तयार होतो. मूड म्हणजे प्रतीक नाही एवढंच.

ग्रेनची गोष्ट मजेशीर आहे. ग्रेन म्हणजे फोटोत दिसणारी दाणेदार खरखर, आणि आधी ती फास्ट, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या, फिल्मची अडचण होती. मग १९६८-६९ मधे जपानमधे 'प्रोव्होक' नावाचं नियतकालिक निघालं, तीनच अंक, आणि दायदो मोरियामा, ताकुमा नाकाहिरा या फोटोग्राफर लोकांनी खरखरीत, हललेले, आउट ऑफ फोकस फोटो छापून त्यालाच शैली करून टाकलं. आज मोबाइलच्या फिल्टरमधे खोटा ग्रेन टाकतात तो "हे कच्चं आहे, खरं आहे" असं सांगायला. म्हणजे जो निव्वळ पोत होता तो वापरून वापरून प्रतीकासारखा झाला. असं होतं, सीमा काही दगडावर कोरलेली नाही. मला खोटा ग्रेन आवडत नाही, पण तो विषय वेगळा.

दोन्ही एकमेकांत अडकून बसलेत असा फोटो म्हणजे फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकचा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समधल्या ट्रॉलीचा, म्हणजे ट्रामचा, १९५५ चा. ट्रॉली बाजूने, फ्रेमभर, खिडक्यांचे पांढरे उभे खांब आणि प्रत्येक चौकटीत एक-दोन चेहरे. पुढच्या खिडक्यांत गोरे, मधे लहान मुलं, मागे एक काळा माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघत आणि त्याच्या मागे एक काळी बाई. ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही इथे कप्पे दिसतात, ओळ दिसते, कुणी कुणाशी बोलत नाहीये हे दिसतं. ज्याला माहीत आहे की तेव्हा तिथे कायद्यानेच गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचं होतं, त्याला ते खांब दुसरंच काहीतरी वाटायला लागतात. अदलाबदल करून बघा, खांबांऐवजी कुंपणाच्या फळ्या ठेवल्या तर कप्पे राहतील पण पुढे आणि मागे हा फरक जाईल, आणि सगळा कायदा त्या फरकातच होता. इथे प्रतीक म्हणताना मला अजिबात संकोच वाटत नाही, कारण बोट ठेवायला जागा आहे.

बोट ठेवायला जागा म्हणजे काय, तर बऱ्याचदा पुनरावृत्ती. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागचा फोटो, डबक्यावरून उडी मारणारा माणूस, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमधे उडी घेतलेली नर्तकी. उडीवर कुणी अर्थाचा डोलारा उभारला तर फोटोतच त्याला दोनदा दुजोरा मिळतो. एकाच छत्रीला असा दुजोरा देणारं कुणी नसतं.

आणि मग काही फोटो दोन्ही चाचण्यांना चकवतात. फोटोग्राफर आंद्रे केर्तेसचा १९२८ चा, पॅरिसजवळच्या मदाँ गावातला फोटो, उंच पुलावरून धूर सोडत जाणारी आगगाडी, खाली रस्ता, आणि अगदी पुढे हॅटवाला एक माणूस, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चपटं पुडकं. पुडक्याच्या जागी तेवढाच फिकट चौकोनी बोर्ड दिला तर रचना टिकते पण फोटोतली गंमत जाते. वेगळ्या आकाराचं पुडकं दिलं तर गंमत राहते. म्हणजे माझ्या ट्रिकप्रमाणे हे प्रतीक ठरायला हवं, पण कशाचं? लोकांनी यावर भरपूर तर्क लढवलेत, मी पण लढवलेत, एकदा तर ते पेंटिंगच असणार म्हणून मैत्रिणीशी तासभर भांडले. ती म्हणाली, आधी त्या आगगाडीकडे बघ, ती डावीकडून येतेय की उजवीकडून, आणि मला खरंच आठवेना.